अयिन्केच्या दातांतली फट

मित्रांनो, मी एक जुना ब्रॅकेट आहे. आकाराने तांदळाच्या कणीपेक्षा जरासा मोठा. वाकडे दात सरळ करण्यासाठी डॉक्टर दातांवर तार बसवतात ना, ती तार ज्याच्या खाचेत बसते, तो मी. माझे कामाचे दिवस आता संपले. अबेओकुटा शहरातल्या एका आजींच्या डबीत, त्यांच्या पोवळ्यांच्या माळेशेजारी मी राहतो. डबी उघडली की आजी माझ्याकडे पाहून हसतात, आणि हसल्या की त्यांच्या पुढच्या दोन दातांमधली फट दिसते. माझी सारी गोष्ट त्या फटीभोवतीच फिरते.

गंज न चढणाऱ्या पोलादापासून मी घडलो. पोटात तारेसाठी खाच, चार कोपऱ्यांना रबर अडकवायला इवलेसे पंख आणि पाठीवर गोंद धरून ठेवणारी बारीक जाळी. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही घडला. मी डावीकडच्या पुढच्या दातासाठी, तो उजवीकडच्या. एकाच पाकिटात अंगाला अंग लावून आम्ही दवाखान्यात आलो. तोंडातही असेच चिकटून राहू, अशी आमची समजूत होती.

डॉक्टर ओदेतोलांच्या दवाखान्यात अयिन्के आईबरोबर आली, तेव्हा तिने रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला आणि मग तोंड उघडले. सुळे हिरडीत उंच चढून बसले होते. खालचे दात घास चावताना टाळूला टोचत होते. पुढच्या दोन दातांमध्ये मात्र एक नीटस फट होती, जणू कुणी मुद्दाम सोडलेली.

"ही फटही बंद करायची का?" डॉक्टरांनी विचारले.

"सगळं सरळ करा, डॉक्टर. काही म्हणून शिल्लक ठेवू नका," आई म्हणाली. ती बँकेत कामाला होती आणि तिला परत जायची घाई होती.

"आणि तुला काय वाटतं, अयिन्के?"

"आई म्हणतील तसं," अयिन्के पुटपुटली. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलायचे नाही, हे ती लहानपणापासून शिकली होती.

दात कोरडे करून, गोंद लावून, निळ्या प्रकाशाने डॉक्टरांनी आम्हांला पक्के केले. माझा भाऊ फटीच्या पलीकडे आणि मी अलीकडे. आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. रबर कोणत्या रंगाचे हवे म्हणून विचारले, तेव्हा मात्र अयिन्के पटकन म्हणाली, "निळं! आजीच्या नखांसारखं."

तिच्या आजी कापड निळीत रंगवत. पिंपात हात बुडवून बुडवून त्यांची नखे कायमची निळी झाली होती.

पहिले काही दिवस सगळेच दात ठणकत होते. अयिन्के मक्याची पातळ पेज पीत होती आणि चवळीची वाफवलेली मऊ वडी खात होती. माझा एक कोपरा ओठाला घासत होता. त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या मेणाची गोळी दाबली की ओठ शांत होई. शाळेत मात्र तिच्या वर्गातल्या सिमिसोलाने पहिल्याच दिवशी हाक मारली, "अगं बाई, तोंडाला खिडकीचे गज! आत काय सोनं ठेवलंयस?"

"जीभ ठेवलीय," अयिन्के म्हणाली. "मोकळी सोडली तर तुझं काही खरं नाही." सगळा वर्ग हसला, सिमिसोला सर्वांत मोठ्याने.

हळूहळू आमच्या कामाला गती आली. मित्रांनो, आम्ही दात ओढून सरकवतो असे तुम्हांला वाटेल. तसे नसते. तार दाताला हलकासा रेटा देत राहते. ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरघळते आणि मागे रिकाम्या झालेल्या जागी नवे हाड तयार होते. त्यासाठी वेळ लागतो. जास्त जोर लावला म्हणून दात लवकर हलत नाही, दुखावतो मात्र.

मग एके दिवशी डॉक्टरांनी पुढच्या दातांवरून रबराची साखळी ओढली. माझा भाऊ माझ्या दिशेने सरकू लागला. मला केवढा आनंद झाला! तो आनंद आजींच्या अंगणात विरला.

आजी दोरीवर कापड वाळत घालत होत्या. अयिन्के काहीतरी सांगून खळखळून हसली आणि आजींचा हात हवेतच थांबला.

"अगं, माझं दार कोण लावतंय?"

"कोणतं दार, आजी?"

"हे!" आजींनी निळे बोट आपल्याच फटीवर ठेवले. "माझ्या आईकडून मला आलं. तुझ्या आईला चुकवून तुला मिळालं. तुझे आजोबा बाजारात काय कापड घ्यायला आले होते होय? मी हसले, ते या फटीत अडकले, ते जन्मभर निघालेच नाहीत." मग त्या दुसरीकडे पाहत म्हणाल्या, "असू दे. तुम्हां शिकलेल्यांना नको असेल."

अयिन्केला ती फट हवी होती. आजींसारखे हसणे तिला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा प्रिय होते. पण आईने डॉक्टरांना सांगून टाकले होते, डॉक्टरांनी काम सुरू केले होते, आणि आता मध्येच कसे बोलायचे? तिने स्वतःच उपाय काढला. आजी रोज सकाळी चघळत त्या दातवणाच्या काडीची एक ढलपी तिने तासली. दार लागत असेल तर त्याला पाचर मारायची!

दुपारी आरशासमोर उभी राहून तिने ढलपी फटीत खुपसली. ती बसेना. अंगठ्याने रेटली, तरी बसेना. मग काडी माझ्या अंगावर टेकवून तिने जोर लावला आणि टक्‌कन माझी पाठ दातापासून सुटली. तारेला लटकून मी गरगर फिरू लागलो.

खरे तर तेव्हाच डॉक्टरांकडे जायला हवे होते. अयिन्के गप्प बसली. ओठ मिटून ठेवू लागली. फटीत अडकून राहिलेल्या काडीच्या तुसाने हिरडी सुजली. मी मोकळा झाल्यामुळे तो दात पुन्हा वळू लागला. घासताना दुखते म्हणून तिने पुढचे दात घासणेच सोडले आणि माझ्याभोवती पांढरट थर साचला. मित्रांनो, तो थर दिसतो गरीब, पण त्यातले जंतू आम्ल सोडतात आणि दातावर खडूसारखे डाग पाडतात. आम्ही निघून जातो, डाग राहतात.

तिचे गुपित आजींनीच ओळखले.

"मी इतका मोठा विनोद केला आणि तू हसली नाहीस," त्या म्हणाल्या. "एक तर माझा विनोद म्हातारा झाला, नाहीतर तुझ्या तोंडात काहीतरी बिघडलंय. उघड तोंड."

अयिन्केने तोंड उघडले आणि त्याबरोबर सगळे बोलूनही टाकले. पाचर, आरसा, फट, सारे. ऐकता ऐकता आजी खाली बसल्या.

"पोरी, माझ्या एका वाक्यासाठी एवढं?" त्यांनी डोक्याला रुमाल बांधला. "चल. तुझ्या आईलाही बोलव. आता मीच त्या डॉक्टरला भेटते."

दवाखान्यात आजी खुर्चीवर ताठ बसल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "लेकी, दात सरळ कर, बाकी काय ते कर. पण या पोरीचं दार लावू नकोस."

आई चकित झाली. "आई, अहो मला वाटलं हिलाच फट नकोय! ही एक शब्द बोलली नाही."

"तुम्हीच म्हणालात ना, काही शिल्लक ठेवू नका," अयिन्के हळूच म्हणाली.

"मी?" आईचा आवाज एकदम खाली आला. "आम्ही चार बहिणी. तिघींना फट, मला नाही. लग्नात फोटो काढताना मीच एकटी तोंड मिटून उभी. मी का तुझी फट घालवीन, वेडे? तुला हसतील, नोकरीला अडेल, असं वाटलं म्हणून बोलले."

डॉक्टरांनी चिमट्याने हिरडीतले तूस अलगद काढले आणि अयिन्केला दाखवले.

"हे बघ. याने फट राहिली नसती, हिरडी मात्र गेली असती. फट म्हणजे रोग नाही. सुळे वर चढलेत आणि टाळूला जखम होते, तो रोग. तो मी बरा करतेय. फट ठेवायची तर मोजून ठेवू, एवढीच आणि इथेच. पण ते मला तुझ्या तोंडून कळायला हवं. तोंड तुझं आहे ना? मग आता सांग."

सगळे अयिन्केकडे पाहू लागले. तिने आधी आजीकडे पाहिले, मग आईकडे आणि मग सरळ डॉक्टरांकडे.

"मला फट हवीय."

"झालं तर!" डॉक्टर हसल्या. "आता ब्रश दाखव, कसा धरतेस. तारेच्या वरून घासायचं आणि खालूनही. नुसत्या काडीने भागणार नाही."

"काडीला नावं ठेवू नकोस," आजी म्हणाल्या.

"नाही ठेवत, आजी. पण तुम्हीही हिच्यासमोर हाडं फोडू नका. तिच्या तोंडाला पाणी सुटतं. आणि मक्याचं कणीस तिला सोलून द्या, दाणे काढून."

"मग मलाही ते निळे मणी बसव. म्हणजे मीही शहाण्यासारखी खाईन!"

दवाखानाभर हशा उसळला. डॉक्टरांनी मला घासूनपुसून पुन्हा माझ्या दातावर बसवले. साखळी काढली आणि माझ्या व भावाच्या मध्ये तारेवर बारीक स्प्रिंगची एक छोटी घट्ट गुंडाळी चढवली. आता आम्हांला ना जवळ जाता येत होते, ना लांब. सुरुवातीला मला फार वाईट वाटले. शेजारी असून भावाला भेटायचे नाही, हे कसले काम? पण बाकीचे दात आपापल्या जागी येऊ लागले, टाळूची जखम भरली, आणि त्या सरळ रांगेच्या मधोमध आमची फट दाराच्या चौकटीसारखी उठून दिसू लागली.

आजींचा ऐंशीवा वाढदिवस आला. त्याआधी तार काढा म्हणून आईने डॉक्टरांना खूप गळ घातली. "हाड कुणाच्या वाढदिवसासाठी घाई करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. म्हणून आम्हीही समारंभाला गेलो. सगळ्या घराने आजींनी रंगवलेल्या एकाच निळ्या कापडाचे कपडे घातले होते. ढोल वाजत होते. बकऱ्याच्या रश्श्याचा वास सुटला होता. अयिन्केने मऊ तुकडे निवडून घेतले आणि हाडे सिमिसोलाला दिली.

"गज लावल्याचा मला फायदा झाला बाई!" सिमिसोला हाड चोखत म्हणाली.

फोटोवाल्याने आजी आणि नातीला शेजारी बसवले. सवयीने अयिन्केने ओठ मिटले. आजींनी कोपराने ढोसले, "दार उघड, पाहुणे आलेत!" ती फस्सकन हसली, फोटो निघाला. आई मागे उभी होती. त्या फोटोत तीही तोंडभर हसते आहे, फट नसलेल्या दातांनी.

पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांनी आम्हांला काढले. दातांवर एकही खडूचा डाग नव्हता. अयिन्केने आम्हां दोघां भावांना मागून घेतले आणि आजींना नेऊन दिले. आजींनी डबी उघडली आणि पोवळ्यांशेजारी आम्हांला एका ठिकाणी ठेवले. इतक्या काळानंतर माझे अंग भावाच्या अंगाला लागले. जे तोंडात असताना होऊ द्यायचे नव्हते, ते आता खुशाल होऊ दिले आहे.

आमच्या जागी रात्री तोंडात ठेवायची एक पातळ पट्टी आली आहे. तिलाही त्या फटीचे माप दिले आहे. मित्रांनो, तुमच्या दातांवर माझे भाऊबंद असतील, तर त्यांना रोज घासून स्वच्छ ठेवा. एखादा सुटला तर लपवू नका, लगेच सांगा. काम संपल्यावर मिळालेली पट्टी जेवताना कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. ती कचऱ्यात जाते आणि दात जुन्या वाटेने परत फिरतात. आणि तुमच्या हसण्यात तुम्हांला जे हवे आहे ते खुर्चीवर बसल्या बसल्या डॉक्टरांना सांगा.

बाहेर अंगणात आता आजी काहीतरी बोलल्या आहेत. अयिन्के हसते आहे. आम्ही दोघे डबीतून ऐकतो आहोत.