गोजरबाईचं खळं

बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे मी प्राचार्यांना तीनदा सांगितलं होतं. मी रसायनशास्त्र शिकवायचो. पण आमचं कॉलेज म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या चार जुन्या लष्करी बराकी. तिथे ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात काम पडतं. १९५५ साली बास्केटबॉलचा संघ माझ्या गळ्यात पडला.

संघात सात पोरं. कप्तान टेकचंद सिंधी निर्वासितांच्या घरातला, जिभेने तिखट. सगळ्यात उंच उडी भगवंतची. तो बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला लाजरा. पोरं चांगली खेळत, पण ते आमच्या माणसांनी कधी पाहिलंच नव्हतं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे एक सामना समोरच्या संघाच्या मैदानावर, एक आपल्या. आमचा ‘आपला’ सामनासुद्धा दर वर्षी मुंबईतच व्हायचा. स्पर्धा समितीचं उत्तर ठरलेलं होतं : तुमचं मैदान भुसभुशीत आहे, चेंडू उसळत नाही, आणि तुमच्याकडे बघायला येणार कोण?

त्यात आदल्या वर्षी एका बड्या कॉलेजाने आम्हाला न खेळवताच परत पाठवलं. आमची पोरं अनवाणी होती, आणि नियमात बूट होते. खेळ नाही, काही नाही, कागदावर आम्ही हरलो.  मला फार लागलं ते.

मी समितीला चार पत्रं लिहिली. चौथ्याचं उत्तर आलं : त्याच बड्या कॉलेजाशी यंदाचा सामना तुमच्याकडे ठेवतो, पंच त्याच दिवशी मैदान तपासतील, नापसंत पडलं तर सामना मुंबईत होईल आणि पुन्हा ही मागणी करू नये.

बुटांची सोय टेकचंदच्या काकांनी केली. त्यांचं बाजारात चपलांचं दुकान होतं, त्यांनी कॅनव्हासचे सात जोड दिले. मैदानाचं मात्र काही सुचेना. पाय आपटला की धुरळा उडायचा. शेवटी भगवंत म्हणाला, “सर, माझ्या आईला विचारू? झोडणीचं खळं दर साली तीच करते.”

भाताची झोडणी उरकली होती. त्याची आई गोजरबाई गावच्या पंधरा बायका आणि शेणाच्या दोन बैलगाड्या घेऊन आली. मैदानाला कमरेवर हात ठेवून एक चक्कर मारली आणि मला विचारलं, “खळंच पायजे ना? मंग मधी तिवडा कुठाय?”

खळ्याच्या मधोमध बैल बांधायचा खांब असतो, तो तिवडा. मी म्हटलं, “बाई, आमचे दोन खांब आहेत, दोन टोकांना.” तिला ते काही पटलं नाही, पण तिने काम सोडलं नाही. आठ दिवस त्या बायकांनी माती खणली, भिजवली, जड लाकडी धुमसाने ठोकली, चोपण्यांनी चोपली, वर शेणाने सारवली. खडा दिसला की वेचून ओच्यात. आठव्या दिवशी टेकचंदने चेंडू आपटला. तो त्याच्या छातीपर्यंत आला, तसा त्याने तो पुन्हा आपटला.

सामन्याला चारशे माणूस लोटलं. कॅम्पातले दुकानदार, अंबरनाथच्या कारखान्यातले कामगार, हेंद्रेपाडा तर निम्मा. पाहुणा संघ पांढऱ्याशुभ्र बुटांत उतरला. आमची पोरंही नवे बूट घालून रांगेत निघाली, भगवंत सर्वांत पुढे. रेषेवर गोजरबाई उभी होती.

“बूट काढ,” ती मुलाला म्हणाली.

“आई, नियम आहे.”

“खळ्यावर वहाण नाय चालत. धान्य पडतं त्या जागेवर तू पायताण घालून जाशील?”

मी धावत गेलो. समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. ती हलेना, आणि तिच्या मागच्या बायकाही हलेनात. पाहुण्यांचे व्यवस्थापक घड्याळ बघत म्हणाले, “ठीक आहे. मग सामना मुंबईतच घेऊ.” ते हसत होते. टेकचंद माझ्या कानाशी लागला, “सर, इनको हटाओ ना, एक साल की मेहनत है.”

हटवता आलं असतं. पण मैदान केलं कुणी? आठ दिवस ज्यांच्या हातांनी ते चोपलं त्यांनाच बाजूला ढकलून मी कसला ‘आपला’ सामना खेळवणार होतो? मला गोजरबाईचा राग आला होता, आणि ती बरोबर आहे याचा त्याहून जास्त.

मी पंचांकडे गेलो. “तुमचा नियम वाचून दाखवा. अख्खा.”

पंच म्हातारे, शिस्तीचे. त्यांनी पुस्तिका काढून वाचलं : खेळाडूंच्या पायांस इजा होऊ नये म्हणून बूट आवश्यक, मैदानाच्या स्थितीविषयी पंचांचा निर्णय अंतिम.

“म्हणजे नियम पायासाठी आहे, बुटासाठी नाही,” मी म्हटलं. “मैदान तपासायला आला आहात ना? तपासा.”

गोजरबाईने ते ऐकलं होतं. ती म्हणाली, “साहेब, एक खडा दाखवा. मंग घालू द्या पोरांना बूट.”

 पंच खाली बसले, बूट सोडले, मोजे काढून त्यात खुपसले, आणि रेषेच्या आत गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग आडवे, मग कोपऱ्यांतून. मधेच थांबून टाचेने दाबून बघत.  

ते परत आले तेव्हा तळवे शेणाने हिरवट झाले होते. “मैदान पसंत,” ते म्हणाले. “बूट ज्याच्या त्याच्या मर्जीवर.”

पाहुण्यांचे व्यवस्थापक उसळले, आमच्या मुलांना अनवाणी खेळायची सवय नाही म्हणाले. गोजरबाईने हात हलवला. “पाव्हण्यांना माफ हाय. घरच्यांना नाय.”

आमच्या सातही जणांनी रेषेबाहेर बूट काढले आणि सामना सुरू झाला.

आमच्या माणसांनी हा खेळ कधी बघितलाच नव्हता. चेंडू टोपलीतून पडला की ती ओरडायची, मग तो आमचा असो की त्यांचा. टेकचंद वैतागला. मी गोजरबाईला समजवायला गेलो, तर म्हणाली, “पडलं ते पडलं. दाणा कुणाचा ते मापताना बघू.”

मध्यंतरापर्यंत बुटांनी खळ्याचे पोपडे निघाले होते. बायका पाण्याच्या घागरी आणि चोपण्या घेऊन आत आल्या, हबके मारून माती बसवू लागल्या. दोन्ही टोकांना सारखंच. पाहुण्यांचा कप्तान ते बघत उभा होता. मग त्याने बूट काढले, आणि त्याच्यामागून आणखी दोघांनी.

आम्ही एका टोपलीने हरलो. शेवटचा चेंडू भगवंतचा होता, कड्यावर फिरून बाहेर पडला. तो तिथेच खाली बसला. मला रडू येत होतं, मी चष्मा पुसत राहिलो. पण या वेळी आम्ही खेळून हरलो होतो, आपल्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर. पंचांनी कागदावर ‘मैदान उत्तम’ लिहून खाली सही केली.

गोजरबाई मुलाजवळ आली. “पुढचा खेळ कुठं हाय?”

“मुंबईला. यांच्याकडे.”

तिने रेषेवरून त्याचे बूट उचलले, पदराने पुसले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. “तिथं घाल. त्यांचं खळं, त्यांची रीत.”

मग ती पंचांकडे वळली. ते दगडावर बसून तळवे धूत होते.

“साहेब, आमी समदी येणार तिथं,” ती म्हणाली. “उभं कुठं ऱ्हायचं तेवढं सांगून ठेवा.”