झाकणाला हात लावू नका!

मित्रांनो, मी एक म्हातारा स्लो कुकर आहे, विजेवर तासन्‌तास शिजवत बसणारं भांडं. माझ्या पोटात आच मंद असते, पण डोक्यात मात्र सध्या जाळ आहे. का? ते ऐका.

कारखान्याच्या भट्टीत माझं चिनी मातीचं पोट भाजून निघालं, वर काचेचं झाकण बसलं. शिवणकाम करणाऱ्या एका मुलीच्या लग्नात तिच्या मैत्रिणींनी मला भेट दिलं. सुरुवातीला माझं काय ते कौतुक! मग घरात शिट्टीवाला कुकर आला. तो घटकाभर आरडाओरडा करून मोकळा होतो, म्हणून सगळे त्याच्यावर खूश. माझी रवानगी माळ्यावर.

मला पुन्हा खाली काढलं ते आप्पांसाठी. आप्पा म्हणजे त्या मुलीचे सासरे. मोठ्या आजारपणातून उठले, पण जबडा दुबळा झाला. तेव्हापासून ते आपल्या खोलीत दार लावून एकटेच सूप पीत. टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी. मऊ शिजलेलं मांस चालेल असं डॉक्टरांनी सांगताच सूनबाईने मनावर घेतलं. "आज आप्पा आपल्यात बसून जेवणार!"

सकाळीच तिने मटणाची अख्खी मांडी हाडासकट तव्यावर लालसर परतली, माझ्यात कांद्याच्या थरावर ठेवली, बटण मंद आचेवर फिरवलं आणि कामावर जाताना बजावलं, "संध्याकाळपर्यंत कुणी झाकण उघडायचं नाही."

किती सोपं काम! पण छे!

तिची पाठ वळते न वळते तोच बसड्रायव्हर नवरोबा आला. "बघू तरी, चाललंय ना." उघडलं झाकण, गेली वाफ! ती पुन्हा जमवताना माझा जीव मेटाकुटीला येतो हो. मग नणंदबाई. "अगंबाई, कोरडं पडलं वाटतं," म्हणत तिने तांब्याभर गार पाणी ओतलं. माझ्या अंगावर काटाच आला. मागोमाग आप्पांची नात. तिने काट्याने टोचलं, "शी, दगड आहे अजून," म्हणाली आणि झाकण तिरकं ठेवून पळाली. तेवढ्यात नवरोबा परत हजर! देवा, मला तरी धीर दे, नाहीतर यांना दे.

संध्याकाळी सूनबाईने सुरी लावली. सुरी आत शिरेना. त्यापेक्षा चपलेचा तळ परवडला!

"कुणी उघडलं होतं?"

"मी एकदाच," नवरा म्हणाला. खोटारडा!

"मीही एकदाच. तेही काळजीपोटी," नणंद म्हणाली.

"आत्याने पाणी ओतलं!" नातीने चुगली केली.

"आणि तू टोचलंस ते गं, भवाने?" नणंदबाईने उलटवलं.

सूनबाईचे डोळे भरून आले. आणि राग निघाला कुणावर? माझ्यावर! "हे भांडंच भिकारडं. फेकून द्या एकदाचं."

गलका ऐकून आप्पा बाहेर आले. "त्याला कशाला बोलतेस, सूनबाई? त्याचं नि माझं दुखणं एकच आहे."

"म्हणजे हो, आप्पा?"

"मी घास घेतला की तुम्ही चौघं माझ्या तोंडाकडे बघत बसता. गिळला का? लागला का? ठसका तर नाही ना? म्हणून मी दार लावून घेतो. या बिचाऱ्याला दारही लावता येत नाही."

आप्पांनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली, झाकण नीट बसवलं, आच वाढवली. "आता हे शिजेपर्यंत मी इथेच. बघतो कोण उघडतं ते!"

जेवणं लांबली. नातीने हात पुढे केला की चापट खाल्ली. नवरोबा नुसताच येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी हाड हलकेच ओढलं, तर मांस आपणहून सुटून आलं.

आप्पांनी घास तोंडात घातला. कुणीही वर पाहिलं नाही. नणंदबाईने मान इतकी खाली घातली की नाक ताटाला टेकायचं बाकी होतं. नवरोबा खिडकीकडे बघत जेवला, त्यामुळे निम्मा रस्सा शर्टाने खाल्ला. आप्पा सावकाश चावत राहिले. मग त्यांचं ताट पुढे सरकलं. "वाढ गं अजून."

मित्रांनो, मला घासा, पुसा, हवं तर माळ्यावर टाका. पण एकदा देवाच्या आणि आचेच्या हवाली केलंत ना, की भरवसा ठेवा. माया जरूर करा, पण दर घटकेला झाकण उचलून नको. आत शिजतंय हो. खरंच शिजतंय!