दरीत राहिलेली सून

"दरीत झोपू नकोस. झोपलीसच, तर कुणी नावानं हाक मारल्याशिवाय निघू नकोस. जीव तिथेच रेंगाळतो," सासूबाईंनी बसमध्ये चढताना बजावलं होतं. कॉलेज शिकलेल्या कार्लिगाशनं ते हसण्यावारी नेलं.

वाटाड्या बेइबितच्या मागे चारिन दरीचे लाल कडे ओलांडून सगळी नदीकाठी पोचली. झाडाखाली कुशीतल्या तान्ह्या एर्नारचा श्वास चाचपता चाचपता त्याच्यासोबत तिचाही डोळा लागला. स्वप्नात कडेही संथ श्वास घेत होते.

"एर्नार! ऊठ रे माझ्या शिंगरा!" सासूबाईंनी हाक मारली. पोर खुदकन हसलं.

"ऊठ गं सूनबाई!"

"अहो आजी, या दरीत काय एकच सून झोपली असेल? नावानं हाका मारा की!" बेइबित म्हणाला.

सगळी हसली. सासूबाई गोंधळल्या. लग्नापासून घरात तिचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. तेवढ्यात बसचा भोंगा वाजला आणि नावाची हाक न ऐकताच ती उठून निघाली.

तेव्हापासून चहा ओततानाही तिला नदी ऐकू येते. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ती विनवते, तशी तुम्हालाही विनवते आहे: "त्या झाडाखाली जरा बघाल? 'कार्लिगाश' अशी हाक मारा. कुणी ओ दिली, तर म्हणावं, घरी पोर वाट बघतंय."