एकाच हाताच्या दोन बाह्या

मी एक कुर्ता बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण माझ्या कपाटाचं दार नीट बसत नाही आणि माझ्या बाह्यांची गोष्ट बाहेर कुणी ऐकावी असं मला वाटत नाही. पण सांगायला तर हवं. मला लावलेल्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होत्या.

बेंगळुरूच्या जे. पी. नगरात, एका सोसायटीतल्या सहाव्या मजल्यावर माझा जन्म झाला. त्याआधी मी चिकपेटेतल्या एका दुकानात काळं सुती कापड होऊन पडलो होतो. अंगावर पांढऱ्या बुट्ट्यांचा छाप, तोही एकाच बाजूने. उलटी बाजू फिकट, धुरकट. हे ध्यानात असू द्या, माझं सगळं दुर्दैव त्यातच आहे.

माझी मालकीण स्मिता. मूळची पुण्याची, नोकरीसाठी इथे आलेली. दिवाळीत तिने सोसायटीतल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की आता वर्षभर एकही कपडा विकत घेणार नाही, रोजचे कपडे घरीच शिवणार. तेव्हा शिवणयंत्राचं खोकंसुद्धा उघडलेलं नव्हतं. पण ग्रुपवर टाळ्या आणि बदाम येत राहिले आणि स्मिता हुरळली. संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्याच घरी ठेवलं, वर ‘काळा कुर्ता मीच शिवलेला असेल’ हेही कळवून मोकळी झाली. संक्रांतीला काळं घालायचं ही आपली रीत. इथल्या शेजारणी सणाला काळं पाहून अजून दचकतात.

एक मात्र खरं, तिने मला मनापासून शिवलं. व्हिडिओ थांबवत, मागे नेत, खडूने खुणा करत तिने मला बेतलं. पुढचा आणि मागचा भाग छान जमला. बाह्यांसाठी मात्र अरुंद तुकडे उरले. कापड दुमडून कापलं असतं तर डावी-उजवी आपोआप झाली असती, पण दुमडायला जागाच नव्हती. तिने कागद ठेवून एक बाही कापली आणि तोच कागद न उलटता दुसरीही कापली. मी ओरडत होतो, पण कात्रीखालच्या कापडाचं कोण ऐकतं!

हळदीकुंकवाच्या सकाळी तिने मला पहिल्यांदा अंगात घातलं. उजवीकडे मी झकास बसलो. डावीकडे पुढे चुण्या आणि मागे ताण. हात जरा पुढे केला की पाठ ओढली जायची. आणि तिळगूळ द्यायला हात पुढे करावा लागणारच होता. तिने बाही उलटून लावून पाहिली, तर फिकट बाजू वर आली. नवी बाही कापायला कापड शिल्लक नव्हतं.

“इट्स फाइन गं, कुणाला कळतंय!” तिचा नवरा पद्मनाभ मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. त्याला स्वतःला खरंच काही कळलं नव्हतं.

स्मिताने मला ओढून काढलं, बोळा केला आणि कपाटात कोंबलं. तासाभराने ती एक काळा कुर्ता घेऊन परतली. विकतचा. माझ्या देखत तिने त्याच्या मानेचं लेबल उसवलं. ज्या हत्याराने माझे चुकलेले टाके उसवायची, त्याच हत्याराने. मला माझी लाज आधीच वाटत होती. आता तिचीही वाटू लागली.

संध्याकाळी बायका पर्स ठेवायला आमच्या खोलीत आल्या. दाराच्या फटीतून मी सगळं पाहिलं.

“स्मिता, फिनिशिंग बघ ना! बुटीकमध्येपण असं मिळत नाही,” चौथ्या मजल्यावरची निधी म्हणाली.

“काय बसलाय गं अंगाला! तूच शिवलास होय?” हे विचारलं भाग्यलक्ष्मींनी. बेळगावकडच्या या बाई लग्न होऊन इथे आल्या त्याला जमाना झाला. सगळी सोसायटी त्यांना भाग्यक्का म्हणते.

“हो, मीच,” स्मिता म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोष्ट तिथेच संपली असती तर मीही गप्प बसलो असतो. पण आठवड्याने भाग्यक्का एक इरकली साडी छातीशी धरून आल्या. रोज नेसून मऊ झालेली, पदर विरलेला.

“आईची आहे बघ. तानूबाईची. आता नेसायचं म्हटलं तर फाटतेय. टेलरकडं टाकायला जीव होत नाही गं, तिथं कोण कसं कापेल काय की. तुझा हात बघितला तेव्हाच ठरवलं. मला एक कुर्ता कर यातनं. आईच्या वर्षश्राद्धाला घालीन म्हणते.”

नाही म्हणायची तीच वेळ होती. स्मिता म्हणाली, “देते ना, भाग्यक्का.”

मग ती साडी आमच्या घरात नुसती पडून राहिली. स्मिता ती पसरायची, खडू हातात घ्यायची आणि पुन्हा घडी घालायची. माझं कापड वाया गेलं तर चिकपेटेत दुसरं मिळतं. तानूबाईंची साडी कुठे मिळणार?

“खालच्या यल्लाप्पा टेलरला दे. तो शिवेल, तू तुझ्या नावाने देऊन टाक. सिंपल,” पद्मनाभ म्हणाला.

स्मिताला ते पटलं. तिने साडी पिशवीत भरायला घेतली. घडी घालताना पदराजवळ तिचा हात अडखळला. तिथे तानूबाईंनी घातलेले टाके होते. वेडेवाकडे, लांडे-मोठे, साडी लाल आणि दोरा निळा. ती बाई तशीच साडी नेसून बाजारात, लग्नाकार्यात गेली असणार. स्मिता त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत बसून राहिली. मग उठली, कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं.

तिने मला इस्त्रीसुद्धा केली नाही. तशीच मला घालून वरच्या मजल्यावर भाग्यक्कांकडे गेली. भाग्यक्कांनी दार उघडलं.

“मी शिवलेला कुर्ता हा आहे,” स्मिताने साडीची पिशवी पुढे केली. “त्या दिवशीचा विकतचा होता. मी खोटं बोलले. मला साडी कापायला जमणार नाही.”

भाग्यक्कांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. साडी घेतली आणि पहिल्यांदा तिच्या घड्या उलगडल्या.

“कापली नाहीस न्हवं कुठं?”

“नाही.”

“सरी, बरं.” त्या दारातच थांबल्या. “वहिनीला फोन करून सांगितलं होतं गं मी. आईची साडी चांगल्या हातात दिली म्हणून.”

दार लागलं. स्मिता रडली नाही, पण लिफ्टच्या आरशाकडे तिने पाठ केली.

त्यानंतर तिने मला घरात रोज घालायला सुरुवात केली. वर्षश्राद्धाच्या दिवशी ती मला घालूनच दूध आणायला उतरली होती. परत वर येताना लिफ्टमध्ये निधी आणि भाग्यक्का भेटल्या. भाग्यक्कांच्या अंगावर तीच साडी, विरलेला भाग आत खोचून जपून नेसलेली.

“हे काय घातलंयस? तुझा तो मस्तवाला कुठे गेला?” निधी हसली.

म्हणजे भाग्यक्कांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. स्मिताने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“तो विकतचा होता. शिवला मी हा.”

निधीला ती थट्टा वाटली. हसतच ती चौथ्या मजल्यावर उतरली. भाग्यक्का मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहत होत्या.

“हात वर कर बघू.”

स्मिताने डावा हात वर केला आणि माझी काख टर्रकन फाटली.

“उसव ती बाही,” भाग्यक्का म्हणाल्या. “साडी काही देणार नाही मी आता. पण उसवायला बसते तुझ्याजवळ. शिवायला मला येत नाही, उसवायला येतं स्वल्प.”

तर सध्या मी एका बाहीचा आहे. त्या बुट्ट्यांचं कापड दुकानात संपलं. डावी बाही दुसऱ्या कशाची तरी लागेल आणि ती दुरूनही कळेल. कळू दे.

माझ्या शेजारी तो विकतचा कुर्ता लटकतो. त्याचा मी फार रागराग केला. पण त्याच्या मानेवर लेबलाच्या जागी उरलेली सुईची भोकं दिसतात, तेव्हा राग धरवत नाही. त्यालाही कुठल्यातरी कारखान्यात मान मोडून बसलेल्या कुणा बाईने शिवलंय. टीप किती सरळ आहे तिची! त्या संध्याकाळचं सगळं कौतुक तिचं होतं, आणि तिला त्याची खबरही नाही.

स्मिता, माझी एवढीच विनवणी आहे. पुढच्या संक्रांतीला हवं तर तोच घाल, मी रुसणार नाही. फक्त कुणी विचारलं की हा कुणी शिवला, तर सांग: शिवला एका बाईने, पण ती मी नव्हे.