कलशातला आमोद

रविवारी सकाळी साडेदहाला विश्रांतवाडीतल्या एका मंगल कार्यालयात दोनशे माणसं श्वास रोखून एका तांब्याच्या कलशाकडे बघत होती. कलशातून एक लहान मुलगा बोलत होता.

"आई, मी इथे बरा आहे. तू रडू नकोस."

पहिल्या रांगेत रुपाली हात जोडून बसली होती, गेले दोन महिने दर रविवारी बसायची तशी. तिचा नऊ वर्षांचा आमोद रक्ताच्या कर्करोगानं जाऊन पाच महिने झाले होते. कलशाशेजारी मच्छिंद्र महाराज डोळे मिटून बसले होते.

"माई, शरीर जातं, ध्वनी जात नाही," ते म्हणाले. "ध्वनी म्हणजे ब्रह्म आणि ब्रह्म म्हणजे फ्रिक्वेन्सी. परदेशातले शास्त्रज्ञ आत्ता कुठे इथवर पोचलेत."

कोणते शास्त्रज्ञ, कुठल्या देशातले, हे महाराज कधीच सांगत नसत.

मी पूर्णिमा. शाळेत विज्ञान शिकवते आणि रुपालीच्या वरच्या मजल्यावर राहते. "बाई, एकदा येऊन ऐका तरी," असा तिनं आठवडाभर पिच्छा पुरवला, म्हणून शेवटच्या रांगेत येऊन बसले होते.

महाराजांकडे येण्याआधी एक अर्ज भरावा लागे. गेलेल्याचं नाव, आजार, सवयी, घरात कोण कोण असतं, आणि शेवटी एक रकाना: 'आवाजाचा नमुना असल्यास पाठवावा.' ज्याची परलोकाशी थेट ओळख आहे त्याला नमुना कशाला लागतो, हा प्रश्न दोनशे जणांत एकालाही पडला नव्हता. माझ्या शेजारच्या तुळजाबाईंनी नवऱ्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेले निरोप दिले होते. रुपालीनं आमोदच्या पॉडकास्टची लिंक दिली होती.

"आमोदला र म्हणता येत नसे," मी हळूच म्हणाले. "हा तर 'रडू नकोस' अगदी स्वच्छ म्हणतोय."

"वर गेल्यावर व्यंग ऱ्हात न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "म्हाराजांनीच सांगितलंय. तुम्ही गप ऐका."

कलश पुन्हा बोलला. "आई, दीदीला शाळेतून काढ. तिला महाराजांच्या आश्रमात सेवेला ठेव. मग मला गती मिळेल."

रुपालीनं लगेच मान डोलावली. तिच्या शेजारी बसलेली तिची बारा वर्षांची मुलगी संस्कृती पांढरीफटक पडली.

दुपारी संस्कृती माझ्याकडे आली.

"मावशी, कलशात मी आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

आम्हा दोघींनाच ते माहीत होतं. संसर्गाच्या भीतीनं आमोदची शाळा बंद झाली, तेव्हा या भावंडांना पॉडकास्ट करायला मीच शिकवलं होतं. त्यासाठी स्टुडिओ लागतो हा मोठ्यांचा गैरसमज आहे. मी गोधड्यांचं कपाट उघडं ठेवायला लावलं, त्याच्याकडे तोंड करून दोघांना बसवलं, म्हणजे आवाज घुमत नाही. घडी घातलेल्या टॉवेलवर फोन, तोंडापासून वीतभर लांब. पंखा बंद. चुकलं की टाळी वाजवायची. फोनच्या पडद्यावर टाळीचा उंच सुळका दिसतो, त्याच्या आसपासचं कापून टाकायचं. कार्यक्रमाचं नाव आमोदनं ठेवलं, 'अंथरुणातून थेट'. पहिल्या भागात त्यानं नर्सना दहापैकी गुण दिले. कोण हळू सुई टोचतं, त्यावर.

तीन भाग त्यानं केले. मग औषधांनी तोंड आतून सोलवटलं आणि बोलणं थांबलं. त्यानं वहीत लिहून दाखवलं: 'दीदी, माझं पण तूच बोल. आईला सांगू नको.' तोच शब्द दोघांनी माझ्याकडूनही घेतला. चौथ्या भागापासून अकराव्यापर्यंत संस्कृतीनं दोन्ही आवाज काढले. त्याच्यासारखा र चा ल करून पाहिला, पण ती चेष्टा वाटायला लागली, म्हणून सोडून दिला. रुपालीनं ते भाग स्वयंपाकघरात ऐकले आणि मला म्हणाली, "बाई, बघा, त्याला र यायला लागला." मुलगा दिवसभर गप्प राहतो आणि दार लावून रेकॉर्डिंगपुरता बोलतो, अशी तिची समजूत होती. मी ती मोडली नाही. मुलगा गेल्यावर तर मुळीच नाही.

महाराजांच्या माणसांनी नेमके नंतरचे भाग उचलले होते, कारण त्यांतला आवाज जास्त स्वच्छ होता.

हे कसं करतात ते मी त्याच संध्याकाळी करून पाहिलं. आवाजाची नक्कल करणारं ॲप फोनवर घेतलं. मिनिटभराचा नमुना दिला, हवं ते वाक्य टाइप केलं, आणि फोन त्या आवाजात बोलला. चहाला उकळी येण्याआधी काम झालं.

आधी मी रुपालीच्या नवऱ्याला, दिग्विजयला हे सगळं सांगितलं. तो खुर्चीत मान खाली घालून ऐकत होता.

"बाई, रुपाली पाच महिन्यांनी पोटभर जेवायला लागली आहे," तो म्हणाला. "राहू द्या की."

"आणि संस्कृतीची शाळा?"

"आश्रम चांगला आहे म्हणतात."

हे त्यानं मुलीसमोर म्हटलं. संस्कृतीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी कार्यालय तुडुंब भरलं होतं. महाराजांनी कलशाला फूल वाहायच्या आत मी उभी राहिले.

"महाराज, माझ्याकडेही एक आत्मा आला आहे. दोन मिनिटं मिळतील का?"

गर्दीसमोर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. मी स्टीलच्या डब्यात फोन ठेवला आणि डबा टेबलावर ठेवला. डब्यातून भारदस्त आवाज आला.

"भक्तहो, मी मच्छिंद्र. मी परवाच वारलो. इथे वर कुणाला काही कळत नाही, मी खाली उगाच सांगत होतो. घरी जा."

मच्छिंद्र महाराज आपल्याच आत्म्याकडे तोंड उघडं टाकून बघत होते.

"हे तर जिवंत आहेत," मी म्हणाले. "तरी यांचा आत्मा माझ्या डब्यात कसा आला? यांच्या प्रवचनाच्या व्हिडिओतून. तुमची माणसं तुम्ही दिलेल्या नमुन्यांतून आली, तशीच."

"ही विज्ञानाची धूळफेक आहे," महाराज म्हणाले. "माईंनी स्वतःच्या लेकराचा आवाज ओळखलाय. आईचं काळीज चुकतं का?"

तेव्हा संस्कृती उठली. आवाज जरा वर चढवून, शब्द लांबवत ती म्हणाली, "आई, मी इथे बरा आहे. तू रडू नकोस."

तोच आवाज. मागच्या रांगेतल्या माणसानंसुद्धा मान उंचावून कलशाकडे पाहिलं.

"चौथ्या भागापासून मीच बोलत होते," ती आपल्या आवाजात म्हणाली. "आमोदला बोलता येत नव्हतं. कलशात तो नाही. तो कधीच नव्हता."

महाराजांचे दोन सेवेकरी तिच्याकडे निघाले. पण त्यांच्या आधी रुपालीशेजारी बसलेला दिग्विजय उठला, व्यासपीठावर चढला आणि त्यानं कलश उचलला. खाली पाटाला गोल भोक पाडलेलं होतं आणि त्यात मुठीएवढा वायरलेस स्पीकर बसवला होता. मग त्यानं मागचा पडदा ओढला. पडद्यामागे एक बाई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. लॅपटॉपच्या स्क्रीनवर पुढचं वाक्य टाइप केलेलं होतं: 'दीदीला उद्याच पाठव.'

लोक उठले, खुर्च्या सरकल्या. रुपाली मात्र महाराजांकडे बघतच नव्हती.

"आठही भाग?" तिनं मुलीला विचारलं.

"हो."

"मग माझ्याकडे त्याचे तीनच राहिले." मग ती म्हणाली, "एकदा परत त्याच्यासारखं आई म्हण."

"आई," संस्कृती म्हणाली, स्वतःच्या आवाजात.

रुपालीनं तोंड फिरवलं आणि एकटीच चालत बाहेर गेली.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार केली. तपास चालू आहे. महाराजांचे भक्त त्यांच्यासाठी आरत्या करताहेत. तुळजाबाई रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "माझ्या मालकांचं बोलणं तुम्ही बंद केलंत. तुमचं भलं व्हायचं न्हाई." दोन महिने झाले, रुपाली माझ्याशी बोलत नाही. जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघत जाते. संस्कृती शाळेत जाते. घरी फार बोलत नाही.

यातून मी काय मिळवलं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. एक मुलगी शाळेत राहिली, एवढं मिळवलं. माझी चूकही सांगते. दोन मुलांचा शब्द राखायचा म्हणून मी एका आईला खोट्या समजुतीत ठेवलं, आणि ती समजूत पुढे एका भामट्यानं वापरली. सुखाचं म्हणून सोडून दिलेलं खोटं कुणाच्या हाती पडेल, ते आपण ठरवत नसतो.

मेलेली माणसं बोलत नाहीत. ती बोलताहेत असं कुणी दाखवलं, तर ते कसं घडतं हे तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर विचारा. दुःख झालंय म्हणून प्रश्न विचारायचं थांबवू नका, कारण असले लोक तेवढ्याचीच वाट बघत असतात. आणि घरात जे मूल जिवंत आहे, त्याचा आवाज नीट ऐका. रुपालीनं आपल्या मुलीला आठ भाग ऐकलं, दोन महिने कलशातून ऐकलं, आणि तिला ती ओळखू आली नाही.