नाल्याकडची मोकळी जागा

राजनंदिनीनं मोठा कागद मन्मथआप्पांच्या ओट्यावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर त्यांच्या दुकानातली वजनं ठेवली. उपग्रहानं वरून काढलेला गावाचा फोटो होता तो. धान्याचा मोंढा, एसटी स्टँड, गल्ल्या, छपरं, सगळं गाव त्या कागदावर निपचित पडलं होतं. मन्मथआप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. जन्म गेला या गावात, पण असं वरून त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

राजनंदिनी मूळची चौसाळ्याची. औरंगाबादला शिकून तिथल्याच एका कंपनीत लागली होती आणि त्या कंपनीला या गावाच्या विकास आराखड्याचं काम मिळालं होतं. साखर कारखाना झाल्यापासून गाव चहूबाजूंनी पसरत चाललं होतं. गेल्या साली ज्वारी होती तिथं आता प्लॉटचे दगड रोवलेले दिसत. कुठे काय आहे ते आधी कॉम्प्युटरच्या नकाशात भरायचं आणि मग त्यावरून रस्ते, शाळा, बाजार कुठे हवेत ते ठरवायचं, असं ते काम. फोटोवरून जे कळत नसे ते ती गावात फिरून विचारून घेई. वाचनालयाच्या मन्मथआप्पांना विचारा, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आप्पा वाचनालय बिनपगारी सांभाळत. माणूस भिडस्त, चारचौघांत तोंड उघडायचा नाही. पण ही पोरगी मायेनं विचारत होती, म्हणून तेही बोलू लागले.

हे गोदाम. ही बुजलेली विहीर. इथं पूर्वी कापसाचं जिनिंग होतं. आप्पांच्या पत्नी शिवकांताबाई चहा ठेवून आत वळल्या, पण गेल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत दाराशीच उभ्या राहिल्या.

"अन् हे काय हाय काका? वरती तुमची रुद्रभूमी, ती समाध्यांवरून कळती. पण कुंपणाबाहेर, नाल्याकडं ही पट्टी हाय. तिथं काय?"

तिथं आप्पांची मुलगी होती. लिंगायत वाण्यांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, जंगमाच्या, म्हणजे त्यांच्या पुरोहिताच्या हातून विधी करून पुरतात. मोठ्यांवर समाधी बांधतात. लहान लेकरांवर मात्र या गावात काही बांधत नसत. त्यांना कुंपणाबाहेर, नाल्याकडे ठेवायचं. शिवांजली सहा वर्षांची असताना तापानं गेली. त्याला पाव शतक उलटून गेलं होतं आणि तेव्हापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं. नवरा-बायकोनं तसं काही ठरवलं नव्हतं. बायकोच्या जिवाला लागेल म्हणून यांनी घेतलं नाही, यांच्या जिवाला लागेल म्हणून तिनं घेतलं नाही, आणि पुढे पुढे ते नाव जिभेवर आणायचं बळच दोघांच्या अंगात राहिलं नाही.

आप्पांना दारातली सावली दिसत होती. ते खाकरले.

"तिथं काय न्हाई. मोकळी जागा हाय."

"नक्की ना?"

"हां. मोकळीच."

राजनंदिनीनं त्या पट्टीवर पेन्सिलीनं खूण केली. आप्पांनी मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

उद्या पोरीला गाठून खरं ते सांगू, असं त्यांनी मनाशी घोकलं. दुसऱ्या दिवशी ती कामानं केजला गेलेली. त्याच्या पुढच्या दिवशी वाचनालयात आली, तर तिथं पेपर वाचणाऱ्यांची गर्दी. मग ती औरंगाबादला निघून गेली. आप्पांनी स्वतःची समजूत घातली की एवढ्या मोठ्या नकाशात त्या चिंचोळ्या पट्टीकडे कोण बघतो! शिवकांताबाई नेहमीसारख्याच वागत होत्या. फक्त घरी कुणी आलं की चहा ठेवून त्या थेट आत जात, दाराशी थांबत नसत.

दिवाळीनंतर आराखडा नगरपालिकेच्या भिंतीवर लागला. मुलगा केदारनाथ शिवांजलीच्या माघारी झालेला. दुकान तोच बघायचा. तो भर दुपारी दुकान सोडून घरी आला.

"आप्पा, रिंग रोड येतोय! आपण घेतलेल्या प्लॉटला लागून! त्यो शेजारचा बंकट मला म्हनतो, तू तर आता शेठ झालास बे, आमाला वळख देत जा."

"कुठून जातोय रे?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"रुद्रभूमीच्या खालून. नाल्याकडची ती मोकळी पट्टी न्हाई का, तिथून."

"मोकळी," त्या म्हणाल्या, आणि हातातली परात घेऊन आत गेल्या.

"आईला काहून राग आला?" केदारनाथनं बापाकडे पाहिलं. आपल्याला एक बहीण होती एवढं त्याला ठाऊक होतं. ती कुठे आहे हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आराखड्यावर हरकती घ्यायला महिन्याची मुदत होती. आप्पांनी आयुष्यात कशालाच कधी हरकत घेतली नव्हती. नगरपालिकेच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन ते दोनदा माघारी आले आणि मग एकदाचे चढले. राजनंदिनी त्या कामासाठीच येऊन बसली होती. तिच्याकडे न बघता, टेबलाच्या कडेकडे बघत त्यांनी सांगून टाकलं.

तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"काका, मी इचारलं होतं तुमाला."

"व्हय पोरी. इचारलं होतंस."

तिनं पुढे दोष दिला नाही. नकाशा अजून कच्चाच आहे, रस्ता थोडा सरकवता येईल, म्हणाली. पण नुसतं तिथं कुठंतरी आहे म्हणून भागणार नाही, नेमकी जागा दाखवावी लागेल. ती जीपीएसच्या मशीननं नोंद घेईल आणि हरकतीला जोडेल. मग तिनं पडद्यावर तो फोटो मोठा केला. मोठा करता करता मातीचे नुसते चौकोन उरले.

"तिथं एक बाभळ होती," आप्पा म्हणाले.

"बाभळ तर दिसत न्हाई."

घरी येऊन ते बायकोसमोर बसले.

"ती पोरगी जागा बघायला येनार हाय. तू बी चल. माज्यानं एकट्यानं व्हायचं न्हाई."

"मी येऊन काय करू? मला कुठं ठावं हाय?" शिवकांताबाई म्हणाल्या. "बायकांना नेलं होतं का तवा? तुमी अन् मामंजी घेऊन गेलते. मी इथं दाराच्या चौकटीला धरून होते."

"मागनं कधी इचारलं न्हाईस."

"इचारलं असतं तर तुमच्यानं सोसलं असतं का?"

आप्पा म्हणाले, "त्या दिशी तू दारात होतीस. तुला तरास नको म्हनून मी मोकळी म्हनलो."

"अहो, त्याच्यासाठीच तर थांबले होते मी. म्हनलं, मला न्हाई तर न्हाई, त्या परक्या पोरीला तरी सांगतील. कुठं ठेवली ते माज्या कानावर पडंल."

दुसऱ्या दिवशी तिघं तिथं गेली. नाला रुंद करून काठावर मुरूम टाकला होता. कुंपणही नवं, तारेचं. आप्पा कोपऱ्यापासून चालत आले, थांबले, मागे गेले, पुन्हा नाल्याकडून वर आले. राजनंदिनी हातात मशीन धरून त्यांच्या मागं मागं. आप्पांच्या मनात आलं, कुठंही बोट दाखवावं. मशीनला काय कळतंय? रस्ता सरकेल, आणि हिला हात जोडायला एक जागा होईल. हात उचललासुद्धा. तेवढ्यात त्यांना बायको दिसली. चपला बाजूला काढून ती अनवाणी उभी होती आणि जमिनीकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

हात खाली आला.

"न्हाई सापडत गं," ते म्हणाले. "मला न्हाई सापडत."

राजनंदिनीनं सगळ्या पट्टीचीच नोंद घेतली आणि तशी हरकत लावली. पुढे सुनावणीत विचारलं गेलं, समाधी आहे का, एखादा दगड, कुठे काही लिहिलेलं? तसलं काहीच नव्हतं. ज्या घरांची लेकरं तिथं होती त्या घरांतली जुनी माणसं राहिली नव्हती. हरकत फेटाळली गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथं रोलर फिरला. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी राजनंदिनी मशीन घेऊन लांब नाल्याशी गेली आणि शिवकांताबाई मुरमावर खाली बसल्या. आप्पाही गुडघ्यावर हात टेकत बसले.

"कशी ठेवली होती?"

"बसवली होती. आपल्या रीतीनं."

"हातात?"

"जंगमानं लिंग दिलं. बेल टाकला, इभूत लावली."

"पैली माती कुनी लोटली?"

आप्पांनी 'मीच' अशा अर्थी छातीवर हात ठेवला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाच्या हातानं नको होती." मग बोटांनी मुरूम उकरत राहिल्या. "तोंड कुनीकडं होतं तिचं?"

एवढं मात्र आप्पांना पक्कं आठवत होतं.

"घराकडं. जंगम म्हनला, असं नसतं करायचं, उत्तरंला फिरवा. मी ऐकलं न्हाई त्याचं."

शिवकांताबाईंनी मान वळवून गावाकडे पाहिलं. मध्ये नव्या कॉलनीच्या विटांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. घर तिथून दिसत नव्हतं.