रसूलमामूचं झुडूप

१९६०च्या जानेवारीत येरमाळ्याला अम्मी वारली. धाराशिवहून पहिल्या एस.टी.नं मी पोचले तेव्हा मयताच्या आंघोळीचं पाणी चुलीवर होतं. दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर दफन ठरलं होतं.

"मैमुना, बोरीचा पाला आण," अजीजाखाला म्हणाली. अम्मीची ही धाकटी बहीण. आमच्यात गुसलच्या, मयताच्या आंघोळीच्या पाण्यात बोरीचा पाला उकळतात.

मोरीच्या एका अंगाला बोर होती, दुसऱ्या अंगाला रसूलमामूचं झुडूप. मामू, अम्मी-खालाचा भाऊ, जहाजावर खलाशी. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या दोन वर्षं आधी कुठल्याशा परमुलखातल्या समुद्रकाठच्या मूठभर बिया त्यानं अम्मीला आणून दिल्या. गेला तो परत आला नाही. झुडूप वाढलं. मिऱ्याएवढी राखी फळं, त्यांवर मेणाचा थर, चुरगळलं की पानालाही कापरासारखा वास. अम्मी फळं उकळून वर आलेलं मेण काढायची, मेणबत्त्या करायची.

"न्हाय माणसाच्या तोंडाचं, न्हाय बकरीच्या," खाला चिडवायची. अम्मी हसून मोरीचं पाणी तिकडंच वळवायची.

मी पाला आणला, पातेल्यात टाकला. पाणी उकळून कोमट झाल्यावर खालानं पहिला तांब्या अम्मीच्या दंडावर ओतला. दुसरा ओतला तेव्हा पाण्याचे थेंब होऊन घरंगळले. तिनं बोट फिरवलं.

"मेण हाय हे. पाणी अंगाला लागंना. असं गुसल कसं व्हायचं?"

पातेल्यात राखी फळं तरंगत होती.

"एवढी शाळेची मास्तरीण तू. बोर वळखंना तुला?"

मला बाहेर गेल्याचं आठवत होतं, परत आल्याचं आठवत होतं. फांदी मोडल्याचं आठवत नव्हतं.

साबणानं, गरम पाण्यानं आम्ही अम्मीला पुन्हा धुतलं. बोरीचा पाला खालानं स्वतः आणला. तीनदा पाणी घातलं. वास तेवढा गेला नाही.

कफन बांधताना खाला हळूच म्हणाली, "चुकून आणलास नव्हं?"

मी कफनाची गाठ आवळली.

"चुकून म्हण, बेटी. विचारणारा वर बसलाय."

"चुकून," मी म्हटलं.

जनाजा निघाल्यावर मी मोरीवर हात धुवायला बसले. खाला शेजारी येऊन बसली. तिच्या मनगटांवर बोरीच्या काट्यांचे ताजे ओरखडे होते, त्यांना पाणी झोंबत होतं. मी माझे हात उलटसुलट करून पाहिले. एकही ओरखडा नव्हता. फांदी मोडताना काटे टोचले नाहीत, हे तेव्हा मला कळलंच नसेल का?